सुजलेले डोळे: काकडी कापण्याआधी

डोळे सुजले की आपण आधी उपाय शोधतो आणि कारण मागाहून. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. डोळ्यांभोवती फुगीरपणा येण्याची कारणं ढोबळमानाने तीन. एक तर पाणी साठलेलं असतं, नाहीतर ॲलर्जीने किंवा जंतुसंसर्गाने दाह झालेला असतो, किंवा मग डोळ्याच्या खोबणीतली चरबी पुढे सरकलेली असते. यातल्या पहिल्या प्रकाराला थंड शेक झकास लागू पडतो, दुसऱ्याला थोडाफार, आणि तिसऱ्याला अजिबात नाही. ‘सगळं करून पाहिलं, काही फरक नाही’ असं म्हणणारे बरेच जण तिसऱ्या प्रकारावर पहिल्याचे उपाय करत बसलेले असतात.

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली इतरत्र असतो तसा चरबीचा घट्ट थर नसतो, नुसती सैल, जाळीदार ऊती असते. ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. म्हणून शरीरात कुठेही पाणी जास्त झालं की त्याची पहिली चाहूल पापणीला लागते. रात्री आपण आडवे होतो, दिवसभर पायांकडे उतरलेलं पाणी पुन्हा सगळीकडे पसरतं. त्यातच झोपेत पापण्यांची उघडझाप थांबते. जागेपणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या लवतात आणि प्रत्येक वेळी तिथलं पाणी थोडं थोडं पुढे ढकललं जातं. रात्रभर हा पंप बंद. सकाळी डोळे जड वाटणं आणि उठून हिंडू-फिरू लागल्यावर तास-दोन तासांत ते हलके होणं, यात काळजीचं काही नाही.

आरशासमोर दोन मिनिटं

उपायाला हात घालण्याआधी हे तपासा. सकाळी उठल्या उठल्या आणि दुपारी, एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. दोन-तीन दिवस काढले की चित्र स्पष्ट होतं. सकाळी फुगलेलं आणि दुपारपर्यंत उतरलेलं असेल तर ते पाणी. सकाळ-संध्याकाळ सारखंच असेल तर चरबीचा संशय घ्या.

मग मान सरळ ठेवून फक्त नजर छताकडे न्या. खालच्या पापणीतला फुगवटा आणखी ठळक झाला, त्यात दोन-तीन वेगळे उंचवटे दिसू लागले, तर ती चरबीच. वर बघताना डोळ्याचा गोळा फिरतो आणि खोबणीतली चरबी पुढे ढकलली जाते. पाण्याच्या सुजेला कप्पे नसतात, ती सरसकट पसरलेली असते आणि नजर वर नेल्याने तिच्यात फारसा फरक पडत नाही.

तिसरा प्रश्न खाजेचा. खाज असेल तर ॲलर्जी किंवा त्वचेचा दाह हे पहिले संशयित. खाज नाही, पण दुखतंय, एका जागी गाठ लागतेय, तर रांजणवाडी. दोन्ही डोळे सारखेच सुजले असतील तर कारण बहुधा शरीरभराचं, म्हणजे मीठ, झोप, ॲलर्जी, किडनी, थायरॉइड. एकच डोळा सुजला असेल तर कारण बहुधा तिथलंच, म्हणजे रांजणवाडी, कीटकाचा चावा, मार, संसर्ग. एका कुशीवर झोपणाऱ्यांची त्या बाजूची पापणी जास्त फुगते, हा याला साधा अपवाद.

पाणी का साठतं

मीठ हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, तोही भरत नाही. अडचण अशी की जेवणात घातलेलं मीठ कळतं, पाकिटातून येणारं कळत नाही. पाव, चीज, सॉस, वेफर्स, झटपट नूडल्स, तयार सूप यांत ते दडलेलं असतं आणि पाकिटावर ‘मीठ’ असं न लिहिता ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. हिशेब सोपा आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. त्यातही रात्रीचं मीठ जास्त दिसतं, कारण पाणी साठतं आणि लगेच आपण आडवे होतो. खारट काही खायचंच असेल तर ते दुपारी खा. एवढ्यानेही बऱ्याच जणांची सकाळ सुधारते.

‘मग पाणीच कमी प्यायलं तर?’ उपयोग नाही. शरीर सोडियमच्या प्रमाणात पाणी धरून ठेवतं. पाणी तोडलंत तर तहान लागेल, पण सोडियम आहे तिथेच राहील. दिवसभर तहानेप्रमाणे पाणी प्या, फक्त झोपताना तांब्याभर रिचवू नका. उलट टोकाला, लिटरच्या लिटर पाणी पिऊन ‘सगळं धुऊन निघतं’ यातही तथ्य नाही.

दारूने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झोपेचा पोतही बिघडतो. रडल्यानंतरच्या सुजेत अश्रूग्रंथीकडे वाढलेला रक्तप्रवाह हा एक भाग, आणि डोळे खसाखसा पुसणं हा दुसरा. म्हणून रडू आलं तर अश्रू टिपा, चोळू नका. मासिक पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींना पापण्या जड वाटतात. तेही हार्मोन्समुळे थांबलेलं पाणी, आपोआप उतरतं.

झोपण्याची पद्धत बदलणं फुकट आहे आणि त्याचा गुण चांगला येतो. डोकं १० ते १५ सेंटिमीटर उंच हवं. पण दोन उशा एकावर एक रचल्या की मान मोडते, छाती आहे तिथेच राहते आणि सकाळी डोळ्यांऐवजी मान धरते. उतरती, पाचरीच्या आकाराची उशी घ्या किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे द्या, म्हणजे पाठीपासूनच चढ मिळतो. पालथं झोपण्याची सवय असेल तर ती सोडवल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धंच लागू पडेल.

थंड शेक, नीट

सगळ्या घरगुती उपायांतला खरा कामाचा हा एक. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांतून बाहेर झिरपणारं पाणी कमी होतं. परिणाम तात्पुरता असतो हे मान्य करून करा, काही तासांची सोय म्हणून.

मऊ सुती रुमाल थंड पाण्यात बुडवून पिळा. पाणी ठिबकायला नको, पण रुमाल चांगला ओलसर हवा. चेहरा धुऊन, लेन्स असतील तर काढून, पाठीला टेकून बसा. आडवं पडून शेक घेतला तर पाणी उतरायला वाव मिळत नाही, म्हणून बसूनच. डोळे मिटा, रुमाल दोन्ही पापण्यांवर अलगद ठेवा. दाबू नका. रुमाल दोन-तीन मिनिटांत अंगाच्या उबेने कोमट होतो आणि शेक फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. लोक दहा मिनिटं कोमट फडकं डोळ्यांवर ठेवून बसतात. शेजारी थंड पाण्याचं भांडं ठेवा आणि रुमाल दर दोन मिनिटांनी बदला. एकूण १० ते १५ मिनिटं पुरेत.

फ्रिजमध्ये ठेवायचा जेलचा मास्क असेल तर काम सोपं होतं, पण तो फ्रिजच्या खालच्या भागात ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही. फ्रीझरमधलं काहीही, मग तो बर्फ असो, मास्क असो की मटारची पिशवी, कापडाच्या घडीशिवाय पापणीला लावायचं नाही. इतक्या पातळ त्वचेला थंडीचा चटका बसायला वेळ लागत नाही, आणि तो भाजल्यासारखाच लाल होऊन सोलतो. आधी बोचरं वाटून मग जागा बधिर झाली की लगेच काढा. थंडी लागून ज्यांच्या अंगावर पित्त उठतं त्यांनी हा उपाय करूच नये.

स्टीलचे चमचे हा त्याचाच सुटसुटीत प्रकार. चार चमचे फ्रिजमध्ये १५ मिनिटं ठेवा. दोन वापरा, ते कोमट झाले की दुसरे दोन घ्या. चमच्याची फुगीर बाजू पापणीवर ठेवायची. इथेही फ्रीझर नको, कारण अतिथंड धातू ओलसर त्वचेला चिकटतो.

आता काकडी. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे ती थंडावा बरा वेळ धरून ठेवते. तिचं कर्तृत्व तेवढंच. धुतलेली, फ्रिजमधली काकडी, अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. पातळ चकत्या लगेच गरम होतात. बटाट्याच्या चकत्यांचंही तेच. त्याने काळी वर्तुळं उजळतात या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग वाळताना त्वचा ओढून धरतो, म्हणून क्षणभर ताण आल्यासारखं दिसतं. चेहरा हलला की तो थर तडकतो आणि आधीपेक्षा वाईट दिसतं. शिवाय कच्चं अंडं डोळ्यात जाण्याचा धोका. सोडून द्या.

चहाच्या पिशव्यांमागे थोडं शास्त्र आहे. कॅफीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि चहातलं टॅनिन त्वचा किंचित आवळतं. पण कॅफीन असलेल्या जेलची साध्या जेलशी तुलना केली तेव्हा सूज उतरवण्याचं बरंचसं श्रेय जेलच्या थंडपणालाच गेलं. तेव्हा करायचंच असेल तर साध्या काळ्या किंवा हिरव्या चहाच्या दोन पिशव्या घ्या, सुगंध किंवा मसाला घातलेल्या नकोत. गरम पाण्यात ३ ते ५ मिनिटं ठेवा, पिळून काढा, झाकलेल्या वाटीत फ्रिजमध्ये २० मिनिटं, मग मिटलेल्या डोळ्यांवर १० मिनिटं. पिशवीला धातूची पिन असेल तर आधी काढून टाका. काळ्या चहाचा डाग त्वचेवर थोडा वेळ राहतो, म्हणून नंतर साध्या पाण्याने चेहरा धुवा. कॅमोमाइलची पिशवी चांगली म्हणतात, पण ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे त्यांना नेमकी तीच भोवू शकते.

हलका मसाज

थंड शेकानंतर दोन मिनिटं मसाज केला तर साठलेलं पाणी वाहून जायला मदत होते. यात जोर अजिबात नको. लिम्फच्या, म्हणजे ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या, नळ्या त्वचेच्या अगदी खाली असतात. जोरात दाबलं तर त्या मिटतात, आणि चोळलं तर दाह वाढून सूज परत येते. अनामिका वापरा, कारण त्या बोटात ताकद कमी असते. बोट सरकेल इतकं एक थेंब साधं मॉइश्चरायझर लावा. खालच्या पापणीच्या जरा खाली, हाडाच्या कडेवरून, नाकाच्या बाजूने सुरू करून कानाकडे अलगद जा. कानासमोर क्षणभर थांबा, मग कानापासून मानेच्या बाजूने खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत. असं सात-आठ वेळा. वर भुवईच्या हाडावरूनही तसंच. त्वचा सुरकुतताना दिसली तर दाब जास्त होतोय. डोळा लाल असेल, दुखत असेल किंवा संसर्ग असेल तेव्हा हा मसाज पूर्ण बंद.

खाज असेल तर

ॲलर्जीची सूज ही हिस्टामीनची, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाची करामत. त्याने रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि पाणी ऊतींत उतरतं. मग खाज येते, आपण चोळतो, चोळल्याने आणखी हिस्टामीन सुटतं. हे चक्र तोडणं हाच अर्धा उपचार. खाज सुटली की थंड शेक द्या, बोट लावू नका. फ्रिजमध्ये ठेवलेले प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, दिवसातून तीन-चार वेळा टाकले तर डोळ्यातला कचरा धुतलाही जातो आणि थंडावाही मिळतो. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब मात्र रोज वापरू नका. ते रक्तवाहिन्या बळेच आकसवतात, आणि थेंब थांबवले की लाली दुपटीने परत येते. सेटिरिझिनसारखी गोळी उपयोगी पडते, पण ती काहींना गुंगी आणते. गाडी चालवायची असेल, गरोदरपण असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सकाळी उठल्यावर खाज आणि सूज, बाहेर पडल्यावर आराम, असं चित्र असेल तर अंथरुणातल्या धुळीच्या किड्यांकडे बघा. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, थंड किंवा कोमट पाण्यात ते किडे सगळे मरत नाहीत. उलट, बाहेरून आल्यावर त्रास वाढत असेल तर परागकण. झोपण्याआधी केस धुवा, नाहीतर केसांतले पराग रात्रभर उशीवर आणि उशीवरून डोळ्यात.

आणि एक कारण जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेतून निसटतं: नेलपॉलिश. बोटांची त्वचा जाड, त्यामुळे तिथे काही दिसत नाही. पण दिवसभर नकळत हात डोळ्याला लागतो आणि पापणी लालसर, कोरडी, खवल्यांची होते. केसांचा डाय, परफ्यूम, शाम्पू, पापण्यांना लावायचा गोंद, हेही तसेच. कधीकधी डोळ्यात घालायचे थेंब किंवा निओमायसिन असलेलं मलमच ॲलर्जीचं मूळ असतं आणि लोक सूज वाढली म्हणून तेच मलम आणखी लावतात.

शोधण्याची रीत अशी. तीन आठवडे डोळ्यांभोवतीचं सगळं बंद, नखांवरचंही. फक्त पाणी आणि बिनवासाचं साधं पेट्रोलियम जेली. सूज उतरली की एकेक वस्तू परत आणायची, दोन वस्तूंमध्ये आठवड्याचं अंतर ठेवून. क्रीमसारखी लावून ठेवायची वस्तू असेल तर ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. डाय, शाम्पू अशा धुऊन टाकायच्या गोष्टींसाठी ही परीक्षा नाही, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा, थोडा उरला असला तरी. आणि डोळे आले असताना वापरलेला तर त्याच दिवशी.

रात्रीच्या क्रीमबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जाड, तेलकट क्रीम पापणीच्या केसांपर्यंत फासलं तर झोपेत ते ओघळून डोळ्यात जातं आणि सकाळी डोळे चुरचुरून सुजतात. क्रीम खोबणीच्या हाडावर लावायचं, तिथून ते स्वतःच थोडं वर सरकतं. मटारच्या दाण्याएवढं दोन्ही डोळ्यांना मिळून. रेटिनॉल असलेलं क्रीम सुरू केल्यावर सूज आली असेल तर आणखी वेगळं कारण शोधू नका.

जिथे गरम शेक लागतो

पापणीच्या कडेला दुखरी, लाल पुळी म्हणजे रांजणवाडी. इथे थंड शेक देऊन चालत नाही. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बुजलेलं असतं आणि आतलं घट्ट तेल उबेने पातळ करायचं असतं. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसवतोय का पाहा, मग मिटलेल्या डोळ्यावर १० मिनिटं. गार झाला की पुन्हा गरम करा. दिवसातून तीन-चार वेळा. शेकानंतर बोटाने पापणीच्या कडेच्या दिशेने हलकं दाबत आणा. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. पुळी फोडू नका, आतला पू आजूबाजूला पसरतो. मायक्रोवेव्हमध्ये उकडलेलं अंडं गरम करून शेकायचा सल्ला कुठे वाचलात तर विसरून जा, ते हातात किंवा डोळ्याजवळ फुटू शकतं. रांजणवाडी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बसते. त्यानंतरही गाठ राहिली, दुखत नसली तरी, ती डॉक्टरांना दाखवावी.

पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे खवले आणि सकाळी चिकट कडा असतील तर तो ब्लेफरायटिस. तोच गरम शेक ५ ते १० मिनिटं, मग तयार लिड-वाइपने किंवा उकळून गार केलेल्या अर्ध्या कप पाण्यात दोन-तीन थेंब बेबी शाम्पू टाकून भिजवलेल्या कापसाने कडा पुसायच्या. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. हा आजार मुळापासून जात नाही, काबूत राहतो. बरं वाटलं म्हणून सोडलं की महिन्याभरात पुन्हा सुरू.

कीटक चावला असेल तर पापणी एका रात्रीत डोळा मिटेल इतकी सुजू शकते, मुलांची तर हमखास. दिसायला भयंकर, पण खाज असेल, ताप नसेल आणि डोळा उघडल्यावर नीट दिसत असेल तर थंड शेकाने एक-दोन दिवसांत उतरते.

घरी थांबायचं नाही अशा सुजा

एक डोळा लाल, गरम, सुजलेला, सोबत ताप. डोळा फिरवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, नजर अंधुक होणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणं. हा खोबणीतला संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. मुलांमध्ये सायनसच्या संसर्गानंतर हे होतं.

पापण्यांबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास अडू लागला तर तीही आणीबाणी. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांचं नाव ‘प्रिल’ने संपतं, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, त्यांच्यामुळे अशी सूज येऊ शकते. या सुजेला खाज नसते, आणि गोळी वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतल्यानंतरही ती येऊ शकते. ‘ही तर जुनीच गोळी’ म्हणून तिला वगळू नका.

गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर चेहरा आणि डोळे अचानक सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर ठिपके चमकतायत, तर रक्तदाब लगेच मोजून घ्यायला हवा.

किडनीची गोष्ट जरा सविस्तर, कारण तिचा घोळ नेहमी होतो. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रथिनं निघून जातात, रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन कमी होतं आणि सूज येते. लहान मुलांत तिची सुरुवात बहुतेकदा सकाळच्या सुजलेल्या डोळ्यांनी होते. दुपारपर्यंत ती उतरते, म्हणून सगळे निर्धास्त. मग आठवडे-आठवडे ॲलर्जीची औषधं चालतात. खाज नसलेली, रोज सकाळी येणारी सूज, संध्याकाळी मोज्याचे वळ पायावर उमटणं, लघवीला न विरणारा फेस, चार दिवसांत एक-दोन किलो वजन वाढणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या पहिल्या लघवीची प्रथिनांसाठी तपासणी करा. तपासणी साधी आहे, आणि तिने आठवड्यांचा घोळ एका दिवसात मिटतो.

थायरॉइड मंदावला की पापण्यांत पाणी धरणारे पदार्थ साठतात. ही सूज दिवसभर राहते, शेकाने हलत नाही. सोबत थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, जडावलेला आवाज, कधी भुवईच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होणं. टीएसएचची रक्ततपासणी करून गोळी सुरू झाली की काही आठवड्यांत, कधी महिन्यांत चेहरा पूर्ववत होतो. थायरॉइड अतिवेगाने चालत असेल तर काहींचे डोळे पुढे येतात आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसू लागतो. अशा वेळी धूम्रपान करणाऱ्यांचे डोळे जास्त बिघडतात.

डोळ्याजवळ आणू नयेत अशा गोष्टी

मूळव्याधीचं मलम सुजलेल्या डोळ्यांना लावायची टूम इंटरनेटवर अधूनमधून उगवते. त्यातल्या काही मलमांत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं, काहींत स्टेरॉइड. पापणीवर स्टेरॉइड दीर्घकाळ लावलं तर त्वचा आणखी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणजे काचबिंदूला आमंत्रण. त्वचेच्या इतर आजारासाठी दिलेलं स्टेरॉइड क्रीमही घरच्या घरी पापणीवर वळवू नये. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, बाम हे सरळ त्वचा जाळतात. मध किंवा गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं.

डोळ्यांखालच्या पिशव्या कायमच्या झाल्या असतील तर

खालच्या पापणीमागे चरबीचे तीन कप्पे असतात आणि त्यांच्यापुढे एक पातळ पडदा. वय वाढतं तसा हा पडदा सैल होतो आणि चरबी पुढे डोकावते. काहींच्या घराण्यातच हे लवकर येतं, पंचविशी-तिशीतच. अशा पिशव्यांना शेक, क्रीम, मसाज यांपैकी काहीच मागे ढकलू शकत नाही. मीठ-झोप सांभाळून त्यावर चढणारी पाण्याची सूज तेवढी कमी करता येते, म्हणजे दिसण्यात थोडा फरक. उरलेल्यासाठी उपाय शस्त्रक्रियेचा, ब्लेफरोप्लास्टीचा. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन चरबी काढतात किंवा खालच्या खळग्यात पसरवतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही.

काही जण पिशवीच्या खालची खाच फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या जेलने, भरून घेतात. हे फिलर बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडचं असतं आणि ते स्वतः पाणी ओढतं. ज्यांचे डोळे आधीच सकाळी फुगतात त्यांना त्याने सूज वाढल्याचाच अनुभव येऊ शकतो, तोही महिनोन्महिने. तेव्हा सकाळ-दुपारचे ते फोटो डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा. फुगवटा खोबणीच्या हाडाच्याही खाली, गालाच्या वरच्या भागावर लोंबत असेल तर तो चरबीच्या पिशवीहून वेगळा प्रकार असतो, आणि पापणीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेने तो जात नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या.